ईबीसीच्या अर्जापासून बँकेच्या करारापर्यंत

४ जून १९१३ रोजी बावीस वर्षांच्या एका तरुणाने बडोदे संस्थानाशी झालेल्या करारावर सही केली. कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी संस्थान त्याला तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड देणार होते. शिक्षण संपले की त्याने दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, ही अट होती. तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. पैसे देणारे होते सयाजीराव गायकवाड.

१९१७ मध्ये आंबेडकर तो करार पाळायला बडोद्यात आले. नोकरी मिळाली, पण राहायला जागा मिळेना. जात लपवून, पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथूनही बाहेर काढले. ऋणको फेडायला आला होता, धनकोच्या गावाने त्याला फेडू दिले नाही. पुढे १९२० मध्ये लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करायला ते निघाले, तेव्हा गाठीला सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून साठवलेले पैसे होते, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी केलेली मदत होती आणि नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिलेले पाच हजार रुपये होते.

आज बारावीनंतरच्या प्रवेशाच्या दिवसांत घरोघर जे बोलणे चालते, त्यातले सगळे पर्याय या एका विद्यार्थ्याच्या हिशेबात सापडतात: सरकारची शिष्यवृत्ती, दात्याची मदत, स्वतःची कमाई आणि कर्ज. शंभर वर्षांत पर्याय तेच राहिले, त्यांचे आपसातले प्रमाण बदलत गेले. ते कसे बदलले आणि कोणी बदलले, याचा हा मागोवा आहे.

उच्च शिक्षणाचा खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न आपल्याकडे बँका शैक्षणिक कर्जे देऊ लागल्यावर निर्माण झाला असे वाटत असेल, तर १८८२ सालात जावे लागेल. त्या वर्षी ऑक्टोबरात जोतीराव फुल्यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगाला निवेदन दिले. सरकारचा महसूल येतो कष्टकरी रयतेकडून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. त्यांना प्राथमिक शिक्षण सर्वांपर्यंत न्यायचे होते आणि मागे ठेवलेल्या जातींच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळवून द्यायच्या होत्या. कॉलेजात न गेलेल्याच्या करातून कॉलेजात गेलेल्याची फी का भरायची, हा प्रश्न आज कर्जमाफीला विरोध करणारे फार जोरात विचारतात. तो पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे विचारला तो फुल्यांनी, आणि विचारला तो कॉलेजात न गेलेल्यांच्या बाजूने. म्हणून हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. त्याचे उत्तर द्यावे लागते.

पुण्यात त्या काळी गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, आणि एखादा वार लागला नाही तर त्या दिवशी माधुकरी. या सोयीने कितीतरी माणसे शिकली. पण तिचे दार जातीच्या उंबरठ्याशी बंद होत असे. खेड्यातून आलेला मराठा, जैन, मुसलमान किंवा महार मुलगा कोणाच्या पंगतीला बसणार? शाहू महाराजांनी नेमके हे ओळखले. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा वेगवेगळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. महाराजांनी जागा दिल्या, उत्पन्ने लावून दिली. फी माफ झाली तरी मुलगा शिकू शकत नाही, कारण त्याला झोपायला जागा आणि दोन वेळचे जेवण लागते, ही गोष्ट कोल्हापूरच्या दरबाराला सव्वाशे वर्षांपूर्वी कळली होती. आजचे कितीतरी शासन निर्णय अजून शिकवणी शुल्कापाशी थांबतात आणि खोलीभाडे व खानावळ बापाच्या माथी ठेवतात.

भाऊराव पाटलांनी यात आणखी एक पाऊल टाकले. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू झाले. वसतिगृह अडचणीत आले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडले. भाऊरावांकडे मुले फुकट शिकत नव्हती. ती शेतात राबत, पाणी भरत, स्वयंपाक करत. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते याच तत्त्वावर. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज विद्यापीठांच्या परिपत्रकांत योजनेचे नाव म्हणून येतात. बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात काही तास काम करायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. साताऱ्यात त्याचा अर्थ याहून मोठा होता. शिक्षणाचे ऋण श्रमाने फेडता येते आणि ते शिकता शिकताच फेडावे, म्हणजे पदवी हातात घेताना माणूस कोणाचा मिंधा राहत नाही, ही त्यामागची भूमिका होती.

बडोद्याला ऋण नोकरीने फेडायचे होते, साताऱ्याला श्रमाने. १९५९ मध्ये तिसरी रीत आली.

यशवंतराव चव्हाण तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. देवराष्ट्रेसारख्या खेड्यात जन्मलेल्या, लहानपणीच वडील गेलेल्या या माणसाला फीचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांची फी माफ केली. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १,२०० रुपयांची, म्हणजे महिन्याला शंभर. हीच ती ईबीसी सवलत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून होती. ईबीसीने जात न विचारता घरची कमाई विचारली आणि कुणबी, मराठा, कोष्टी, शिंपी, गरीब ब्राह्मण अशी सगळी पोरे एका रांगेत आणली.

त्या सवलतीची करामत तिच्या साधेपणात होती. कॉलेज अनुदानित, त्यामुळे फी मुळातच थोडी. कार्यालयाच्या खिडकीतून छापील अर्ज घ्यायचा, उत्पन्नाचा दाखला जोडायचा, अर्ज परत द्यायचा. मंजूर झालेल्यांची यादी फलकावर लागे. फीचा हिशेब सरकार आणि कॉलेज आपसात करत आणि विद्यार्थी त्या व्यवहाराच्या बाहेर राहत असे. त्याच्या नावावर कुठेच काही बाकी पडत नसे. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या ग्रामीण महाराष्ट्रातल्या शिक्षकांना, अभियंत्यांना, बँक अधिकाऱ्यांना विचारून पाहा. ‘मी ईबीसीवर शिकलो’ हे वाक्य ते मान वर करून सांगतात. १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ, १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आणि मध्ये ही सवलत, या तिन्ही गोष्टी चार-पाच वर्षांत घडल्या. कॉलेज जवळ आले आणि फीही सुटली. या राज्यात शिकलेल्यांची पहिली मोठी पिढी त्यातून तयार झाली.

त्याच सुमारास दिल्लीने आणखी एक प्रयोग केला. आज तो जवळपास विसरला गेला आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. १९६३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ऋण-शिष्यवृत्ती योजना सुरू केली. हुशार पण गरजू विद्यार्थ्याला बिनव्याजी कर्ज द्यायचे आणि कमावता झाल्यावर त्याने ते सोप्या हप्त्यांत फेडायचे, अशी ती होती. तिच्यात एक कलम होते: कर्ज घेतलेला विद्यार्थी शिक्षक झाला, तर त्याच्या सेवेच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा एक दशांश भाग माफ. दहा वर्षे शाळेत शिकवले की पाटी कोरी. अमेरिकेने १९५८ च्या कायद्यात शिक्षकांना अशीच वर्षाला दहा टक्के सूट दिली होती, पण ती निम्म्या कर्जापाशी थांबत होती. आपले कलम पुरे होते. बडोद्याच्या करारातली दहा वर्षे इथे पुन्हा भेटतात, आणि या वेळी फेडणाऱ्याला धर्मशाळेतून कोणी हाकलणार नव्हते.

ही योजना बुडाली ती वसुलीत. कर्जे वाटली राज्य सरकारांच्या हातून, नोंदी राहिल्या दफ्तरांत, विद्यार्थी नोकरीसाठी गाव सोडून गेले आणि त्यांचा माग काढायची कोणतीच यंत्रणा उभी झाली नाही. वसुली अगदी किरकोळ राहिली आणि १९९१ मध्ये योजना बंद पडली. त्यातून धडा घ्यायचा होता तो नोंदी नीट ठेवण्याचा. घेतला गेला तो असा, की कर्जाचा धंदा सरकारने करू नये, बँकांनी करावा. शिक्षकाच्या एक दशांशाचे कलम त्या फायलींबरोबर गेले आणि पुढच्या कोणत्याही मोठ्या कर्ज योजनेत परत आले नाही. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती या कलमाची.

तोवर महाराष्ट्रात जमीन सरकली होती. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय कॉलेजांना परवानगी दिली. कारणे खोटी नव्हती. सरकारी कॉलेजे मोजकी होती, मुले देणग्या भरून कर्नाटकात जात होती आणि नवी कॉलेजे काढायला तिजोरीत पैसा नव्हता. दादांच्या निर्णयाने खेड्यापाड्यांत इंजिनियर झाले, हे मान्य करायलाच हवे. पण त्या दिवसापासून फी या शब्दाचे वजन बदलले. डोनेशन आले. शिक्षणसम्राट आले. १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला, यावरूनच रोग किती पसरला होता ते कळते. अनुदानित कॉलेजाच्या थोड्या फीवर बेतलेली ईबीसी या नव्या फीपुढे तोकडी पडली.

मग प्रश्न न्यायालयांत गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने खासगी व्यावसायिक कॉलेजांतल्या जागांची विभागणी केली: निम्म्या जागा गुणवत्तेवर सरकारी दराने, उरलेल्या जास्त पैसे भरणाऱ्यांना. म्हणजे पैसेवाल्याच्या फीतून गुणवंताची फी निघायची. ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ हे शब्द त्या काळच्या प्रत्येक पालकाच्या तोंडी होते. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ही व्यवस्था मोडीत काढली. नफेखोरी आणि कॅपिटेशन फी नको, पण संस्थेला आपली फी ठरवता आली पाहिजे आणि विकासापुरती शिल्लकही ठेवता आली पाहिजे, असे ठरले. २००५ मध्ये पुण्याच्या पी. ए. इनामदारांच्या खटल्यात ते आणखी पक्के झाले. फीवर नजर ठेवायला समित्या आल्या, पुढे महाराष्ट्रात शुल्क नियामक प्राधिकरण आले. फ्री सीट मात्र गेली ती गेलीच.

आता याच्या शेजारी दुसरी तारीख ठेवून पाहा. २००१-०२ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री यशवंत सिन्हांनी बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेची घोषणा केली आणि २००१ च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने ती बँकांना कळवली. देशात शिकायला साडेसात लाख, परदेशात शिकायला पंधरा लाख, चार लाखांपर्यंत तारण नाही. त्याआधीच्या वर्षी मुकेश अंबानी आणि कुमारमंगलम बिर्ला यांच्या अहवालाने सरकारला सुचवले होते, की उच्च शिक्षणाचा खर्च शिकणाऱ्याने उचलावा आणि ज्याला झेपत नाही त्याला कर्ज द्यावे. कर्ज आधी दारात आले आणि सुमारे दीड वर्षात फ्री सीट मागच्या दाराने गेली. यामागे कट होता असे मी म्हणत नाही. पण धोरणाची दिशा एकच होती: सवलतीची जागा कर्जाने घ्यायची.

ते कर्ज घरात कसे शिरते, हे आकड्यांत पाहू. समजा मुलीने चार वर्षांच्या अभियांत्रिकीसाठी दर वर्षी एक लाख रुपये घेतले आणि व्याज आहे सरळ दहा टक्के. शिक्षण सुरू असताना आणि नंतरच्या एका वर्षात हप्ता नसतो, पण व्याज चढत असते. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस, चौथ्यावर वीस. पहिला हप्ता येतो तेव्हा चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार झालेले असतात. ती रक्कम सात वर्षांत फेडायची तर महिन्याचा हप्ता सुमारे नऊ हजार, आणि शेवटी भरलेली एकूण रक्कम साडेसात लाखांच्या घरात. नव्याने लागलेल्या मुलीचा पगार पंधरा-वीस हजार असेल, तर निम्मा पगार पदवी खाते. नोकरी मिळाली नाही, तर हप्ता बापाच्या खात्यातून जातो, कारण तो सहकर्जदार असतो. हप्ते थकले की सिबिलचा आकडा दोघांचाही घसरतो. मग बाप पीककर्जासाठी गेला, तरी त्याच शाखेत तीच नोंद पुढे येते. बडोद्याच्या करारात ऋण एकट्या विद्यार्थ्याचे होते. आजच्या करारावर अख्खे घर सही करते.

व्याजाच्या या ओझ्यावर उतारा म्हणून २००९ पासून केंद्राची व्याज अनुदान योजना आली. घरचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर शिक्षणाच्या काळातले आणि पुढच्या एका वर्षाचे व्याज सरकार भरते. वरच्या उदाहरणात १ लाख ४० हजार वाचतात, म्हणजे ही मदत लहान नाही. पण अट मान्यताप्राप्त तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांची आहे. साधे बी. ए., बी. कॉम. करणारा तिच्यात बसत नाही. आयकरात ८०ई खाली व्याजाची वजावट मिळते, पण नव्या करप्रणालीत तीही नाही. आणि ज्याचा पगार कराच्या मर्यादेतच येत नाही, त्याला वजावटीचा काय उपयोग? २०१५ मध्ये साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जांना सरकारी हमी मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने पीएम-विद्यालक्ष्मी मंजूर केली. तिच्यात देशातल्या वरच्या निवडक (सुरुवातीला ८६०) संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तारणाशिवाय कर्ज मिळते आणि आठ लाखांच्या आतल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सूट मिळते. तालुक्याच्या साध्या कॉलेजातला मुलगा त्या संस्थांत क्वचितच असतो.

राज्यात ईबीसी मात्र पुन्हा उठली. २०१६ मध्ये मराठा क्रांती मोर्चे रस्त्यावर आले आणि त्यांच्या मागण्यांत फीचा मुद्दा वरच होता. त्या ऑक्टोबरात ईबीसीची मर्यादा सहा लाखांपर्यंत गेली, पुढे आठ लाख झाली. योजनेला राजर्षी छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले आणि खासगी कॉलेजातली निम्मी शिकवणी फी सरकार भरू लागले. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. अनुसूचित जाती-जमातींना शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आधीपासून आहेच. कागदावर पाहिले तर हे १९५९ नंतरचे सर्वांत मोठे पाऊल आहे.

पण कागद आणि खिडकी यांच्यात महिने जातात. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर भरायचा, आधार बँक खात्याला जोडलेले हवे, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा. पैसे येतात कधी वर्ष संपताना, कधी त्याही नंतर. तोवर कॉलेज थांबत नाही. ‘आधी फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ असे सांगते, किंवा शेवटी गुणपत्रिका अडवून ठेवते. मग जो मुलगा सवलतीला पात्र आहे तोच सवलत येईपर्यंत तग धरण्यासाठी खासगी सावकाराकडे किंवा बँकेत जातो. यशवंतरावांच्या काळातली सवलत विद्यार्थ्याला हिशेबाच्या बाहेर ठेवत होती. आजची सवलत त्याला हिशेबाच्या मधोमध उभे करते.

माफीची मागणी इथूनच जोर धरते. महाराष्ट्राने शेतकऱ्यांची कर्जे २०१७ आणि २०१९ मध्ये माफ केली, मग विद्यार्थ्यांची का नाही, असे विचारले जाते. केरळने २०१७ मध्ये थकलेल्या शैक्षणिक कर्जांना मदत देणारी योजना आणली, तमिळनाडूत निवडणूक जाहीरनाम्यांत माफीचे आश्वासन आले. अमेरिकेत जो बायडन यांची माफी ३० जून २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. तिथेही कॉलेजात न गेलेल्यांचा सवाल वादाच्या केंद्रस्थानी होता.

फुल्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. कॉलेजात न गेलेल्याच्या करातून सरसकट कर्जमाफी देणे मला न्यायाचे वाटत नाही, कारण तिचा मोठा वाटा मोठी कर्जे मिळवू शकलेल्या घरांकडे जातो. थकतात ती मात्र बहुतेक छोटी कर्जे, लहान गावांतल्या आणि साध्या कॉलेजांतल्या मुलांची. पण फी आधीच सोडणे आणि सेवेच्या बदल्यात कर्ज सोडणे यांत अन्याय नाही. तिथे कर भरणाऱ्याला त्याच्या गावात शिक्षक मिळतो, परिचारिका मिळते, डॉक्टर मिळतो.

तेव्हा दोन गोष्टी सरकारने कराव्यात. शिष्यवृत्तीची रक्कम सत्र सुरू होण्याआधी कॉलेजच्या खात्यात जमा करावी आणि तिच्यासाठी विद्यार्थ्याची गुणपत्रिका अडवणाऱ्या संस्थेला दंड करावा. आणि १९६३ चे ते एक दशांशाचे कलम परत आणावे: जिल्हा परिषदेच्या शाळेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आश्रमशाळेत काम करणाऱ्याच्या कर्जातून दर वर्षी दहावा हिस्सा वजा. १९६३ मध्ये नोंदी ठेवता आल्या नाहीत म्हणून ते बुडाले. आज कर्जे आधार आणि पॅनला जोडली जात असताना ती सबब उरलेली नाही.

आणि ज्यांच्या घरी यंदा बारावीचे मूल आहे त्यांना एक सांगणे. बँकेत जाण्याआधी महाडीबीटीवर आपले मूल कोणत्या योजनेत बसते ते पाहा. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून नवा एप्रिलमध्येच काढून ठेवा. कर्ज घ्यावेच लागले, तर व्याज अनुदान लागू आहे का ते शाखेला लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.